अकेचच्या आईचं मत

“हा निबंध अकेचनं लिहिलेला नाही,” ग्रेगनं कागद माझ्या टेबलावर टाकले. “टू गुड, मेट.”

माझं डोकंच फिरलं. ग्रेग आमच्या इंग्लिश विभागाचा हेड. मी टार्निट या उपनगरातल्या एका हायस्कूलमध्ये इंग्लिश शिकवते. अकेच माझी इयर ट्वेल्व्हची विद्यार्थिनी, दक्षिण सुदानहून आलेल्या घरातली.

त्या टर्मला एक आफ्रिकन कादंबरी लावली होती. मुलगी मिशनच्या शाळेत जाते, तिथे तिचं नाव बदलतात. पुढे शाळेची मॅडम घरी येते, तेव्हा मुलीची आई तोंडातून चकार शब्द काढत नाही. इंग्रजीला घाबरली, असं गाइड सांगतं. अख्ख्या वर्गानं तेच उतरवलं होतं.

अकेचनं लिहिलं होतं: ती घाबरलेली नाही. पाहुणीनं आधी घरच्यांची विचारपूस करायची असते. मॅडम मात्र आल्या आल्या मुलीच्या इंग्रजीवर बोलत सुटते. आई अपमान गिळून वाट बघते आहे.

इतक्या वर्षांत मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं.

शंका आली की आमच्याकडे ‘ऑथेंटिकेशन’ करतात, म्हणजे समोर बसवून तोंडी उलटतपासणी. अकेचनं सगळी उत्तरं चोख दिली. मग ग्रेगनं विचारलं, “ही सायलेन्सची आयडिया कुठून आली?”

“मम. मी तिला रोज आमच्या भाषेत स्टोरी सांगते. ती म्हणाली, शी इजन्ट स्केअर्ड, शी इज इन्सल्टेड.”

“सो, आउटसाइड हेल्प.”

“बाकीच्यांनी गाइडमधून उचललं, ते चालतं?” माझा आवाज चढला होता.

“गाइड इज अ सोर्स.”

“आणि आई?”

“रीसबमिट करू दे. नो वरीज.”

मी प्रिन्सिपलपर्यंत जाऊन भांडले. तिथेही नियमावर बोट. इकडे अकेचची युनिची ॲडमिशन याच विषयावर अडलेली.

पुढच्या आठवड्यात तिनं नवा निबंध दिला. त्यात आई घाबरलेली होती.

“इट्स फाइन, मिस,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मी ममला सांगणार नाही.”

ग्रेगनं भरघोस मार्क दिले. वर शेराही मारला, ‘आता तुझा स्वतःचा आवाज ऐकू येतो.’

ती कादंबरी अजून लागते. मी मुलांना सांगते, घरी आईला गोष्ट सांगा, ती काय म्हणते ते लिहा. आणि ग्रेगनं विचारलं, कुठून सुचलं, तर आईचं नाव काढू नका.