शेळ्यांच्या वेळेची सभा

नामदेवअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला शाळेत शिकवत होते. आई एवढंच म्हणाली, "अण्णा गेले गं... ये जल्दी." जाफराबादची गाडी मिळेपर्यंत मला रडूही आलं नाही. महिना होत आला, आता येतं.

खरं सांगते, एके काळी याच माणसाच्या नावानं आमच्या घरात बोटं मोडली जायची. ते मोठ्या शेतीवाल्या घरातले, पाणलोट समितीचे अध्यक्ष. आम्ही बिनजमिनीचे, चार शेळ्यांवर जगणारे. नव्वदच्या दशकात सरकारनं कारभार गावाच्या हाती दिला. ओढ्यावर बांध कुठं घालायचे, गायरान कधी बंद ठेवायचं, सगळं ग्रामसभेनं ठरवायचं. ऐकायला किती छान! सभा भरली सकाळी अकराला. गायरानात तीन वर्षं चराईबंदी. हात वर, ठराव मंजूर. शेळ्या असलेलं एकही माणूस तिथं नव्हतं. सगळे त्या वेळी गायरानातच होते की, शेळ्यांमागे!

संध्याकाळी कळल्यावर आई तडक अण्णांच्या दारात. "तुमच्या विहिरी भराव्या म्हणून माझ्या शेळ्या उपाशी मारता व्हय?" मी तिच्या मागे उभी. अण्णा ओट्यावरून खाली उतरले, म्हणाले, "चुकलं बाई माझं. हा ठराव न्हाई धरायचा."

दुसऱ्याच दिवशी ठराव तालुक्याला द्यायची मुदत संपत होती. तो गेला नाही. बांधांचं काम शेजारच्या गावाला मिळालं, आणि अण्णांचा सख्खा भाऊसुद्धा त्यांच्याशी बोलेना. पण अण्णा हट्टाला पेटले. नवी सभा शेळ्या परतल्यावर, तीही गायरानाच्या कडेला. आई तर घसा बसेस्तोवर भांडली. शेवटी ठरलं, गायरान अर्धंच बंद करायचं आणि तिथलं गवत कापायचा पहिला हक्क शेळीवाल्यांचा. पुढच्या वर्षी काम आलं. ते गवत मग आईनंच डोळ्यांत तेल घालून राखलं. शेजारच्या गावचं बंद गायरान मात्र चोरट्या चराईनं पहिल्याच उन्हाळ्यात साफ झालं. आमचा ओढा संक्रांतीपर्यंत वाहायला लागला. अण्णांनी त्याचं श्रेय कधी घेतलं नाही, चूक मात्र दहा जणांना सांगितली. असा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हापासून त्यांना सवयच लागली. ठराव वाचण्याआधी विचारायचे, "कोण यायचं राह्यलं?" आणि त्या माणसासाठी खरोखर थांबायचे. आम्ही पोरी वैतागायचो.

परवा त्यांच्यामागची पहिली ग्रामसभा झाली. मीही गेले होते. सरपंचांनी कागद उघडला आणि सवयीनं त्यांच्याही तोंडून गेलं, "कोण यायचं राह्यलं?"

सगळ्यांच्या नजरा अण्णांच्या जागेकडे गेल्या. आई म्हणाली, "वाच बाबा. येणारे सगळे आलेत आता."