फ्रीक्वेन्सीची चूक

रेडिओवाल्यांसाठी मी एक हिंदी मासिक काढत होतो. स्टेशनचे इंजिनीअर, निवेदक, ट्रान्समीटरचे सुटे भाग विकणारे, एवढेच त्याचे वाचक. गोहलपुरात लेथच्या कारखान्यावर, माडीवरच्या खोलीत ऑफिस.

हे वाचक म्हणजे महा खवट. एखाद्या स्टेशनच्या फ्रीक्वेन्सीत आकडा इकडचा तिकडे झाला, की सकाळपासून फोन खणखणायचा. "संपादकजी, हमारा स्टेशन कहाँ भेज दिया?" मी चडफडायचो, शिव्या खायचो आणि पुढच्या अंकात चूकभूल छापायचो. अंक हातात पडला की सगळे आधी तेच पान उघडायचे, मेले!

गेलं वर्षभर चूकभुलीचा एकही फोन नाही. आधी वाटलं, वा, काय झकास प्रूफं तपासून राहिलो मी! मग एकदा अख्खं पान उलटं छापलं गेलं, तरी कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा कळलं, अंक कोणी उघडूनच पाहत नाही.

म्हणून या वेळी चूक मुद्दाम केली. पहिल्याच पानावर, गावातल्याच एका स्टेशनची फ्रीक्वेन्सी चुकीची टाकली. सांगितलं फक्त बायकोला. म्हटलं, एक जरी फोन आला तर पुढचा अंक काढतो, नाहीतर कुलूप.

"काहून इतकं जिवाला लावून घेऊन राहिले?" ती म्हणाली. "येईल ना फोन."

अंक पोस्टात पडले आणि मी फोनपुढे ठाण मांडलं. खालच्या लेथच्या घरघरीत रिंग ऐकू येणार नाही म्हणून फोन मांडीवर घेऊन बसायचो. कर्ज हवं का विचारणारी पोरगी तेवढी न चुकता फोन करायची. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. अरे, शिव्या तरी द्या!

शेवटी एका दुपारी अनोळखी नंबर आला. "भाईसाहब, पहले पन्ने पर फ्रीक्वेंसी गलत छपी है."

मी ताडकन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं काहून बोलू? विचारलं, "अच्छा, सही क्या है?"

कुठल्याही रेडिओवाल्याने तो आकडा झोपेतसुद्धा सांगितला असता, वर माझी अक्कल काढली असती. हा गृहस्थ कोणाला तरी विचारायला लागला. मागे एका बाईची कुजबुज. मग तो म्हणाला, "वो तो आप ही देख लीजिए, जी."

तो कोण होता, देव जाणे. पण ती कुजबुज मी ओळखली. जन्मभर आवाजांवर पोट भरलं, आणि बायकोचा आवाज ओळखू येणार नाही?

घरी गेलो तर ती दारातच उभी.

"आला का फोन?"

"आला."

"पाहा, मी म्हटलं नव्हतं? मग आता पुढचा अंक!"

तिचा चेहरा इतका फुलला होता, की मी हो म्हटलं. ऑफिसची किल्ली मी येतानाच घरमालकाला देऊन आलो होतो.