टाचण्या बाजारातच का टोचल्या?

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन हजार सहा साली, शिमग्याच्या आधीच्या बाजारी, सकाळी दहाच्या सुमाराला, सरकारी दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या तिच्या जागेवर. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण या सगळ्या प्रकरणात नेमकी वेळ कुणीच लिहून घेतली नव्हती. मीसुद्धा नाही.

पंचायतीचा शिपाई आणि तोंडाला फडकं बांधलेले दोघं आले आणि तिच्या गावरान कोंबड्यांच्या डालग्यापुढं उभे राहिले.

"का वो, माझी एक तरी कोंबडी मान टाकून बसलीय का? हात लावून बघा की."

"हात लावायचा न्हाई असा आदेश हाय, बाई."

"मंग उचलणार कशानं? नजरेनं?"

बाजार हसला. हसता हसताच कोंबड्या पोत्यात गेल्या. वर्षानुवर्षं तिच्याकडून अंडी नेणाऱ्या बाया शेजारच्या ढिगातली मेथी निवडायला लागल्या.

खानदेशाकडून कोंबड्या मेल्याच्या बातम्या त्या आधी काही दिवसांपासून येत होत्या. बर्ड फ्लू हा शब्द चहाच्या हॉटेलात पोचला होता. ताप-खोकला कुठं आहे, कधी आला, त्या घरात कोंबड्या आहेत का, असं सगळं वरून मागवलं गेलं. दवाखान्याच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा लागला. आजारी माणसामागं लाल डोक्याची एक टाचणी. थोड्याच दिवसांत आमच्या बाजारगावावर टाचण्यांना जागा उरली नाही आणि बाकी तालुका कोरा. खाली तारखांचा तक्ता होता, त्यातही बाजाराच्या दिवशी उंच खांब आणि मधले दिवस सपाट.

"एका जागी, एका दिवशी. हा पुंजका आहे. उगम बाजारात," असं डॉक्टरसाहेब म्हणाले आणि पंचायतीनं कोंबडीवाल्या उठवल्या. आत्या दवाखान्याला सगळ्यात जवळ बसायची, म्हणून पहिली ती. मग वस्तीत सुरू झालं. तिच्या अंगणात पोरांना पाठवू नका, तिच्या हातचं पाणी नको. आम्ही बौद्ध. हातचं पाणी नको हे वाक्य आमच्या घरात आजोबांपासून ओळखीचं होतं. पण आता ते आमच्याच गल्लीतून येत होतं.

मला संशय आला. मी गावोगाव पत्रकं छापून वाटणारा, संशय घ्यायचं शिक्षणच मला त्या पत्रकांनी दिलंय. पुढच्याच बाजारी आत्याच्या जागेवर गावाबाहेर ब्रॉयलर कोंबड्यांची मोठी शेड असलेल्या शेडवाल्याचा टेंपो उभा राहिला. कोंबड्या शिजवून खाल्ल्या तर धोका नाही, असा कागद त्यानं काचेवर चिकटवला होता. मी जालन्याला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा होता 'नकाशा कुणाचा, फायदा कुणाचा?' बदनापूरपासून कुंभार पिंपळगावपर्यंत वाटलं. लोकांनी वाचलं आणि विचारलं, पुरावा?

पुरावा काढायला मी दवाखान्यात गेलो आणि सर्वेक्षणाचे तक्ते मागितले. कारकुनानं गठ्ठा टेबलावर आपटला. "घ्या नेते, बघा."

पहिलाच तक्ता माझ्या अक्षरात होता. दुसराही. बाजाराच्या दिवसाचे जवळजवळ सगळेच.

खरंच होतं ते. सुरुवातीला आमच्या युवक मंडळानं मदत म्हणून नावं दिली होती आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसून मीच तक्ते भरले होते. रांग दारापर्यंत. "ताप कवा आला?" म्हणलं की म्हातारा म्हणायचा, "झाले असतील आठ-धा दिस." आठ की दहा, कोण उलगडत बसणार? मी त्या दिवसाची तारीख टाकली. गावाच्या रकान्यात पहिल्या ओळीला दवाखान्याचा शिक्का होता, म्हणजे आमच्या बाजारगावाचंच नाव. त्याखाली मी शेवटपर्यंत लिहीत गेलो, 'वरीलप्रमाणे'.

माणसं कुठल्या कुठल्या वाड्यांवरून यायची. आडदिवशी दवाखान्यात कोण येतं? मजुरी बुडते, जीप मिळत नाही. बाजाराच्या दिवशी मीठमिरची घेता घेता खोकला दाखवायचा, ही आमची रीतच. म्हणजे तो नकाशा आजाराचा नव्हताच. कोण कधी बाजाराला आलं, त्याचा होता.

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"म्हंजे माझं डालगं तू उचललंस."

"आत्या, तसं न्हाई..."

"बराबर तसंच. पत्रकात छापलंस का हे? शेडवाल्याचं छापलंस, स्वतःचं न्हाई छापलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"उद्या चल. घरं मला ठाव हायती."

आम्ही वाडी-वाडी फिरलो. मी वही घेऊन, ती पुढं. तारीख कुणालाच सांगता येत नाही, हा माझा समज तिनं पहिल्या घरात मोडला. "कवा आला ताप" असं ती विचारायचीच नाही. ती विचारायची, "पोलिओचा डोस झाला त्या रविवारी तू उठून बसल्ती का आडवी होती?" आणि बाई पटकन सांगायची, "न्हाई गं, शिवरातीचा उपास केल्ता, त्याच राती थंडी भरली." हरभरा काढला तो दिवस, धाकटीला बघायला पाहुणे आल्ते तो दिवस. प्रत्येकीकडं पक्की तारीख होती. विचारणारा मूर्ख होता.

पत्रकं उरली होती. त्यांच्या पाठीवर नवा नकाशा काढला. बाजारगावचा पुंजका विस्कटला. ठिपके तालुकाभर पांगले, तारखाही पांगल्या. कोंबडीचं पीसही नसलेल्या घरात ताप होता. कित्येकांचा तर खानदेशची बातमी यायच्या आधीचा. एक जागा मात्र दोन्ही नकाशांत कोरी राहिली, शेडची. तिथले मजूर परमुलखातले, आतच राहायचे, बाजाराला येत नव्हते. मी फाटकावर गेलो.

"इथं कुणाला ताप येत न्हाई," राखणदार म्हणाला.

"कुणालाच न्हाई? माणसंच हायती ना आत?"

"मालकाला विचारा."

शेडमध्ये आजार होता असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोट दाखवायची चूक मी एकदा छापून बसलोय. तिथं कुणी विचारलंच नाही, एवढंच म्हणतो. आणि खरोखरचा पुंजका तिथं असता, तर तो आपल्याला दिसला असता का?

डॉक्टरसाहेबांनी आमचा नकाशा बराच वेळ बघितला. "बरोबर असेल तुमचं. पण वर गेलाय तो हा," भिंतीकडं हात करून ते म्हणाले. आजाऱ्यांचे नमुने तपासायला पुण्याला पाठवले होते, त्यांचं काय झालं, विचारलं. काही निघालं असतं तर कळवलं असतं, म्हणाले. मग आदेश कशाला ठेवलाय? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी दुसरं पत्रक काढलं. पहिल्याच ओळीत माझी चूक, माझ्या अक्षरासकट. ते फारसं कुणी घेतलं नाही. आत्या आज बाजाराच्या पार टोकाला, उन्हात, कोथिंबीर घेऊन बसते. तिच्या जागेवर अजून टेंपोच आहे.

म्हणून तुम्हाला सांगतोय, विनंती करत नाही. पुढच्या वेळी कुणी तुमच्या तापाचा तक्ता भरायला बसलं, तर उठू नका. त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. ताप कुठल्या घरात चढला आणि कुठल्या दिवशी चढला, ते दोन रकाने तुमच्या डोळ्यांदेखत भरून घ्या. 'वरीलप्रमाणे' दिसलं की खोडायला लावा. आणि ज्यांनी आत्याची अंडी वर्षानुवर्षं खाल्ली, त्यांनी येत्या बाजारी पंचायतीत जाऊन तिची जागा मागा. मेथी निवडत बसू नका.