ड्रायव्हरदादा आणि ट्रकच्या कमानी

आमचे ड्रायव्हरदादा माणसाच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्याच्या वजनाकडे पाहायचे. दवाखान्याची जीप लढाईतून उरलेली, लिलावात घेतलेली. तिची मागच्या डाव्या चाकावरची कमान, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, पार बसली होती, त्यामुळे गाडी त्या अंगाला कलून चालायची. म्हणून जाड माणूस उजवीकडे आणि बारीक डावीकडे, हा दादांचा कायदा. एका गावच्या पाटलीणबाईंना त्यांनी चारचौघांत सांगितलं की तुम्ही इकडूनच बसा, तिकडं गाडीले झेपत नाई. बाईंनी पुढे कितीतरी दिवस आमच्याकडचं औषध घेतलं नाही. मी तेव्हा किडकिडीत होते, म्हणून मला कायमची डावी बाजू मिळाली. त्यात माझं कौतुक होतं की अपमान, हे मला कधी ठरवता आलं नाही.

पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला आमचा दवाखाना होता. मी तिथे नर्स म्हणून लागले ते साठ सालच्या आसपास. दादांनी त्याआधीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि ते काम त्यांनी अर्धवट केलं नव्हतं. घरातले देव गेले, तसा गाडीपुढचा नारळही गेला. आमचे कंपाउंडर हौसेनं समोर लिंबू-मिरची बांधायचे आणि दादा ती निमूटपणे सोडून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. मला म्हणायचे, "गाडी बोल्टावर चालते सिस्टर, लिंबू-मिरचीवर नाई." हे रोजचंच होतं. मला तर वाटतं, दोघांनाही त्यात मजा येत होती.

एवढ्या शहाण्या माणसाच्या मनाला एकच गोष्ट लागायची. बाजाराच्या दिवशी पोरं गाडीमागे ‘लंगडी आली, लंगडी आली’ म्हणून ओरडत. डॉक्टरसाहेबांनी नव्या कमानी मागवून ठेवल्या होत्या, पण वरून काही येत नव्हतं. शेवटी दादांनीच मार्ग काढला. पांढरकवडा हमरस्त्यावरचं गाव, तिथे मोडक्या ट्रकांना तोटा नाही. एका ट्रकच्या कमानीचे पट्टे त्यांनी मिळवले, लोहाराकडून जीपच्या मापाला कापून घेतले आणि आवारातल्या चिंचेखाली गाडी ठोकळ्यांवर चढवली. गंजलेले बोल्ट रॉकेल पाजून पाजून सोडवले. जुने पट्टे झिजून पातळ झाले होते, एक तर तडकलेलाच होता. जाड नवे पट्टे बसवून गाडी खाली उतरवली, तर ती चारही चाकांवर ताठ उभी. दादा तिच्याभोवती फिरून फिरून पाहत होते. लेकाचं लग्न ठरल्यासारखे खूश होते.

पण ट्रकची कमान वाकायची ती टनाटनांच्या ओझ्याखाली. आमच्या हलक्या जीपखाली ती वाकेचना. खड्डा आला की गाडी उडे आणि हाडं खिळखिळी करी. मी कुरकुरले, तर म्हणाले, होईल नरम हळूहळू. डॉक्टरसाहेबही काही बोलले नाहीत, कारण गाडी सरळ उभी राहिल्याचं त्यांनाही बरं वाटत होतं.

त्याच महिन्यात एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, निरोप आला. लेतूबाई नावाची बाई पहिलटकरीण, अडली होती. आम्ही पोचलो, तेव्हा मी तिच्या पोटाला नळी लावून ऐकलं. बाळाचा ठोका लागला नाही. तिच्यासमोर हे बोलता येईना. तिला गाडीत घेऊन निघालो. सारी वाट बैलगाडीची, दगडगोट्यांची. प्रत्येक आचक्याला ती किंचाळत होती आणि पुढे दादांची मान खाली खाली जात होती. बाळ मेलेलंच निघालं. डॉक्टरसाहेबांनी बाईला वाचवलं.

दुसऱ्याच दिवशी दादांनी ट्रकच्या कमानी काढून झुडपात फेकल्या आणि जुन्या चढवल्या. लोक समजूत घालायला आले. देवाची मर्जी म्हणाले, तिचं नशीब म्हणाले. दुसऱ्या कुणाला हे पुरलं असतं. दादांनी देव आणि नशीब दोन्ही सोडलेले, त्यांना टेकायला जागाच उरली नव्हती. मी त्यांना पोडावरच ठोका नव्हता ते सांगितलं, डॉक्टरसाहेबांनीही सांगितलं. ते म्हणाले, "तुमची माया हाय सिस्टर, म्हणून बोलून राह्यल्या तुम्ही. पट्टे मी बसवले ना?" त्यानंतर त्यांनी अडलेल्या बाईला गाडीत घेणंच सोडलं. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, गवत घालून आणायचे, पुढे स्वतः चालत, वाटेतले दगड उचलत. डॉक्टरसाहेब संतापले. एक बाई त्यापायी फार उशिरा पोचली आणि जेमतेम वाचली. मला दादांची दया यायची आणि रागही यायचा. रागच जास्त.

पुढच्या वर्षी लेतूबाई आपण होऊन आली. पुन्हा दिवस गेले होते. तिला पाहताच दादा गाडीच्या मागे सरकले. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. दादा स्वतःलाच दोष देत होते, ते तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"लेकरू आदल्या दिवसापासूनच हालत नव्हतं, भाऊ. मले समजलं होतं," ती म्हणाली.

"मंग एवढे आचके खात कायले आल्या?" दादांनी विचारलं.

"मले मरायचं नव्हतं. लेकरू कोणं मारलं, तेच धरून बसला तू. मले कोणं आणलं, ते इचारलं कधी?"

ती म्हणाली, या बारीले तूच ये, बंडी नको आणू. आणि गेली.

दादांनी मग डॉक्टरसाहेबांच्या इतकं मागे लागून नागपूरहून जीपच्याच कमानी आणवल्या की साहेब त्यांना पाहून लपायला लागले. त्या बसवल्यावर मला मागे बसवून त्याच वाटेनं नेलं आणि दर खड्ड्याला विचारलं, लागलं का?

दादा पुढे नोकरी संपवून आर्णीकडे भावाच्या गावी गेले आणि तिकडेच वारले. मला उशिरा कळलं. त्या दिवशी मी खूप रडले. पण त्यांची आठवण आली की मला दिसतो तो लेतूबाईच्या दुसऱ्या बाळंतपणाचा दिवस. दादांनीच तिला आणली होती, जीपमधूनच. बाळ रडलं तसं मी सांगायला बाहेर धावले, तर दादा कुठेच नाहीत. गाडीखालून त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते. मी त्या पायांनाच सांगितलं, मुलगी झाली, चांगली रडते आहे.

पाय हलले नाहीत.

"आन् बाई?" खालून आवाज आला.

"बाईही चांगली आहे, दादा."

मग बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.