वाटलेल्या गव्हाचे पुढे काय झाले

लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल समितीने आणि वाचकांनी माफ करावे. चार वेळा लिहिला आणि फाडला. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. शालिनीताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात माझ्या हातून काही वावगे जाऊ नये, ही धास्ती.

कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या वस्तीवर दुष्काळात एक संस्था दरमहा गहू देत असे. वाटप माझ्याकडे होते. या मदतीवरचा खर्च लोकांच्या पोटापर्यंत किती पोचतो, हे मोजायला ताई आल्या, तीच आमची पहिली ओळख. बरोबरची मंडळी माझ्या वहीतले अंगठे मोजत बसली. ताई म्हणाल्या, "नाना, वही नंतर बघू. आधी घरं दाखवा."

मी घाबरलो. मोजणीत खोट निघाली तर धान्यच बंद होईल, म्हणून आदल्या दिवशी मी घरोघरी सांगून ठेवले होते, "विचारलं तर गहूच खातो म्हणा."

कौसाबाईंच्या घरी ताईंनी आपणहून जेवण मागितले. ताटात ज्वारीची भाकर आली.

"पोळी नाही केलीत?"

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "नाना, तुम्ही शिकवलं तसं सांगू का?" मग हसून म्हणाल्या, "ताई, मातीकामावर पोळीनं दिवस निभत न्हाई. दोन किलो गहू दुकानात देतो, एक किलो जवारी आणतो. दुकानदार तेवढा गरगरीत झाला बघा."

ताईंनी भाकर संपवली. बाहेर आल्यावर शांतपणे मला म्हणाल्या, "तुम्ही लोकांना खोटं बोलायला लावलंत, तर उद्या ते उपाशी आहेत हे मी कशावरून सांगू?"

त्यांनी मदत बंद करा असे लिहिले नाही. तेवढ्याच खर्चात ज्वारी द्या, ती महाग म्हणून पोती कमी दिसली तरी चालतील, असे लिहिले. साहेब लोक कुरकुरले, पण वस्तीवर धान्य महिनाअखेरपर्यंत पुरू लागले. वाटप माझ्याकडेच ठेवा, हेही ताईंनीच सांगितले. पुढे दर वाटपानंतर आठ दिवसांनी मी घरोघरी जाऊन काय शिजते ते विचारू लागलो. ते त्यांच्याकडूनच शिकलो.

ताईंचे गुडघे दुखतात असे ऐकले. ते बरे होवोत आणि त्यांना अजून पुष्कळ वर्षे लोकांच्या चुलीपर्यंत चालत जाता येवो.

एक काळजी उरते. खोटे कोणी शिकवले, ते ताईंनी अहवालात लिहिले नव्हते. आज मी ते स्वतःच्या नावाने लिहिले आहे. त्यांना वाचून दाखवा. छापलेले त्यांना चालेल का, तेवढे लवकर कळवा.