बाबांचा रिलीव्हर

मी शाळेत फिजिक्स शिकवते. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची आजवर तोंडावर टिंगल करत आले… त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आम्ही भिलाईचे, सेक्टर ६. बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. तिथली रीत अशी की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. बाबांचे रिलीव्हर जवळच्याच अहिवारा गावचे साहूकाका. ते सायकलची घंटी तीनदा वाजवायचे, मगच बाबा हातमोजे काढायचे. साहूकाका वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात बाबांची फुफ्फुसं पार निकामी झाली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला आणि दादाला खोलीबाहेर बोलावलं. व्हेंटिलेटरने फार तर काही दिवस मिळतील, घशातली नळी पुन्हा निघेल याची आशा नाही; बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना विचारा, आईलाही विचारा – हे त्यांनी दोनदा बजावलं. आम्ही विचारलं नाही. बाबा खचतील, असं दादा म्हणाला. आणि खरं सांगू? माझीही हिंमत नव्हती. ‘लावा’ म्हणून आम्ही मोकळे झालो. संध्याकाळी नळी टाकायचं ठरलं. आईला फोनवर सांगितलं, सुधारणा आहे.

दुपारी आई डबा घेऊन आली. बाबांजवळ बसत सहज म्हणाली, “कोणीतरी आला होता जी आपल्या घरी, दारात, सायकलवर. मोतीबिंदूनं चेहरा काही दिसला नाही मले. छत्तीसगढीत बोलला… भैयाले सांगा म्हणे, मी आलो.”

बाबांनी मास्क बाजूला केला. “घंटी किती डाव वाजवली?”

“तीनदा.”

बाबा माझ्याकडे वळले. मग धापा टाकत, पण अगदी शांतपणे मला म्हणाले, “साहू आला. आता नळी नको टाकू बेटा. मले घरी ने.”

नळीबद्दल त्यांच्यापाशी कुणीच बोललं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं… नाही. दादाने रडतच डॉक्टरांना नकार कळवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. आपल्या घरात, आईचा हात धरून.

नंतर समोरच्या काकूंकडे चौकशी केली. त्या दुपारी त्या व्हरांड्यातच पापड वाळत घालत होत्या. माणूस नाही, सायकल नाही, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. घंटी मात्र ऐकली म्हणाल्या.

टोचतं ते वेगळंच… बाबांची दोन्ही लेकरं दाराबाहेर उभी होती, आणि जे आम्ही बाबांना विचारायला हवं होतं, त्यासाठी साहूकाकांना यावं लागलं.