आमची सेंटर साकोलीला गेली

भंडाऱ्यातल्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर मी आणि माझी मैत्रीण बारा वर्षं एकत्र खेळलो. माझा गुडघा गेल्यावर मी आमच्या महिला संघाची प्रशिक्षक झाले, ती खेळत राहिली. ती आमची सेंटर. मोहाडीच्या एका शाळेत शिकवायची, संध्याकाळी बसने यायची आणि बास्केटखाली जाऊन उभी राहायची. रिंगवरून उसळलेला चेंडू तिच्याच हातात येणार, हे आम्ही धरूनच चालायचो.

चौतिशीत ती मागे पडू लागली. आमचा चेंडू गेला की समोरच्या पोरी तिच्या आधी आमच्या बास्केटपाशी पोचायच्या. त्याच सुमारास साकोलीच्या क्लबने विचारलं, "तुमची सेंटर आम्हाला द्या, आमच्या दोन पोरी घ्या." त्यांना अनुभवी खेळाडू हवी होती. त्या दोन पोरी उंच होत्या, पण पूर्ण सामना एकीनेही खेळलेला नव्हता. आठ दिवस विचार करून मी होकार कळवला. तिला विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "साकोलीच्या सरांचा फोन आला होता मले."

"मी सांगणारच होती तुले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू नाही म्हण," मी म्हटलं, "मी आताच त्यांले फोन करते."

"जाते ना मी. माझे पाय मलेही समजतात. पण दुसऱ्याच्या तोंडून आयकावं लागलं, त्याचं वाईट वाटून राहिलं." तिने पिशवी उचलली आणि ती बसस्टँडकडे गेली. मी तिच्यासोबत गेले नाही. जायला हवं होतं.

नव्या दोघींपैकी एक एकोडी गावची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळभर चिखलात वाकून ती सरावाला यायची, तरी सगळ्यांत उंच उडायची. पण कुणी अंगावर आलं की डोळे मिटायची. आम्ही सामन्यामागून सामने हरलो. शेवटी मी जुन्या सेंटरलाच फोन केला. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो.

माझं ऐकून घेऊन ती म्हणाली, "रविवारी आण तिले मोहाडीले."

शाळेच्या मैदानावर तिने त्या पोरीला दोन तास खांद्याने रेटलं. "ढकल मले. मी काही मोडत नाही," ती सांगत होती. चौथ्या रविवारी पोरीने तिला खरंच मागे सारलं. दोघी हसायला लागल्या.

साकोलीशी सामना झाला तो आम्ही हरलो, पण थोडक्यात. एकदा त्या पोरीने जुन्या सेंटरच्या डोक्यावरून चेंडू काढला. सामना संपल्यावर तिने पोरीला जवळ बोलावलं. "चेंडू काढला, तरी उशिरा उडाली तू. पुढच्या वेळी माझ्या पायांकडे पाह्य, हाताकडे नको."

दुसरी पोरगी वर्षभरात पोलीस भरतीच्या तयारीला लागली आणि खेळ सुटला. एकोडीची आज आमची सेंटर आहे. जुनी सेंटर दोन हंगाम खेळून साकोलीतच प्रशिक्षक झाली. निर्णय बरोबर होता का, हे आम्ही दोघींनी कधी बोलून पाहिलं नाही. मागच्या महिन्यात तिने फोन केला. तिच्या संघातली सर्वांत जुनी खेळाडू आता थकली होती, तिच्या जागी नवी पोरगी आणायची होती.

"आधी तिच्याच घरी जा," मी म्हटलं.

"तिच्या घरूनच येऊन राहिली मी," ती म्हणाली.